डाव्या बाजूची खूण

एप्रिलात सोलापुरात रंग ब्रशवरच वाळतो.
म्हणून रात्री अकरानंतर बसतो, कूलर बंद करून.
कूलरच्या वाऱ्यानं कापूस उडतो
आणि शेजारच्या लूमवरचा टॉवेलाचा एक तंतू
ओल्या बुरुजावर येऊन चिकटतो.
पस्तिसाव्या हिश्शाच्या त्या जगात
तो दोरखंड असतो.

फोटो एकच. चिखल, पडकं कुंपण, रणगाडा.
चारशे एकवीस : चौथी कंपनी, दुसरी तुकडी, पहिली गाडी.
शेजारी क्रूस. इथवर पुस्तकं साथ देतात.
पुस्तकांत तलवार उगारून धावणारं भूत आहे,
शिकारी कुत्रा आहे, ओकचं पान आहे,
प्रत्येक चिन्हामागे एक डिव्हिजन, तिचा नंबर, तिच्या तारखा.

पण मागच्या मडगार्डच्या जरा वर
चार दात, त्यातला एक आखूड,
आणि बाजूला ठिपका.
हे कुठंच नाही.

मी दवाखान्यात एक्स-रे काढतो.
करड्या रंगाचीच भाकरी खातो म्हणा.
मला त्या बरगड्या वाटल्या, चौथी मोडलेली.
सायण्णाला दाखवलं, तो लूम थांबवून म्हणाला,
फणी आहे ही, दात गेलाय, बदलायला झालीय.
शैलजा म्हणाली, काटा-चमचा.
मग म्हणाली, झोपा आता.

रविवारी साखर पेठेत राजय्या म्याकलांकडे गेलो.
चाळीस वर्षं रंगखात्यात.
नखांच्या कडेला अजून निळं आहे,
अंघोळीला न जुमानणारं.
फोटो त्यांनी दारातल्या उजेडात तिरका धरला.
बराच वेळ बोलले नाहीत.
आतून कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

"क्रूसाचं पांढरं बघा, आन् हे बघा.
हे पांढरं न्हवं. पिवळं आसंल, न्हाईतर फिकट लाल,
फोटोत दोन्ही सारखंच मरतंय.
आन् हे ब्रशनं न्हाई काढलेलं."

"मग?"

"बोटानं. सुरुवातीला जाड, शेवटाला सुकलंय.
आखूड दात आखूड न्हाई, रंग संपला तिथं."

घरी आलो. भिंग घेतलं.
बोट. खरंच बोट.
माणसाचं बोट सतरा मिलिमीटर धरलं
तर माझ्या गाडीवर ते अर्धा मिलिमीटर होतं.
सगळ्यात बारीक ब्रशही त्याला जाड,
सुईचं टोक घासून घेतलं.

आजवर मी चिन्हं वाचली ती हुकुमाची.
कुणीतरी वरून ठरवलं, स्टेन्सिल कापलं,
शंभर गाड्यांवर सारखंच फवारलं.
ही खूण कुणी ठरवली नव्हती.
काय मोजत होता तो? दिवस? डबे? मित्र?
की ज्यांच्या अंगणातून ही गाडी गेली
ती घरं मोजत होता?
खोक्यावरच्या चित्रात घरं नसतात.
आभाळ असतं, धूर असतो, आणि किंमत.

सुई तीन वेळा खाली ठेवली.
त्या बोटाची कीव करावी
इतका मी भोळा नाही,
आणि ते नव्हतंच असं समजायला
मडगार्ड कोरं सोडवेना.

चौथ्या वेळी काढली.
चौथा दात काढताना रंग आपणहून संपला.
मी पुन्हा बुडवला नाही.

दवाखान्यात प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात
शिशाचं एक अक्षर ठेवावं लागतं :
उजवा की डावा.
नाहीतर डॉक्टर धडधाकट गुडघा उघडतील.
रोग काय ते आम्ही लिहीत नाही,
बाजू लिहितो.

रेघा उजवीकडून डावीकडे सुकत गेल्या होत्या.

वहीत नोंद केली :
गाडी ४२१. रंग : पिवळा, खात्री नाही.
खूण : अज्ञात.
हात : बहुधा डावा.